सरोगसी काउन्सेलिंग, पुणे : काउन्सेलर मॅडमना पाच स्टार, काउंटरला दीड

आधीच सांगते, सेंटरचं नाव टाकत नाहीये, इनबॉक्समध्ये पण विचारू नका. आमची फाइल अजून त्यांच्याकडे आहे आणि खाली तक्रारी पण बऱ्याच आहेत. पण सरोगसीच्या काउन्सेलिंगला गेल्यावर नक्की काय मिळायला पाहिजे हे मला मराठीत कुठेच सापडलं नाही, जिकडे बघावं तिकडे एकतर हिरोइनींच्या बातम्या नाहीतर "स्वप्न तुमचं, जबाबदारी आमची" टाइप जाहिराती, म्हणून लिहायला बसले. लांबलंय जरा.

आमची केस अशी की माझ्या वहिनीचं गर्भाशय पहिल्या डिलिव्हरीच्या वेळी काढावं लागलं, ब्लीडिंग थांबेचना, आणि बाळही राहिलं नाही. त्याबद्दल याच्यापुढे काही लिहीत नाही. ओव्हरीज शाबूत आहेत म्हणजे स्त्रीबीज तिचं तयार होतंय, गर्भ वाढवायला पिशवीच नाही. आणि ते काम करायला मी तयार आहे, मी म्हणजे तिची नणंद, सख्खी. वय ३३, एक मुलगी आहे, दुसरं आम्हाला नकोय. तर मी तिथे गेले ती सरोगेट म्हणून, म्हणजे त्यांचं बाळ आपल्या पोटात वाढवून देणारी बाई, आणि रिव्ह्यू पण त्याच खुर्चीतून लिहितेय, पैसे भरणाऱ्याच्या खुर्चीतून नाही. दादाला विचारलंत तर तो वेगळे स्टार देईल कदाचित.

सेंटरच्या आधी दादाने कोणाच्या तरी ओळखीने एका कन्सल्टंटला फोन लावला होता. त्या माणसाने पहिल्या दोन वाक्यांतच "बाई आम्ही अरेंज करू, राहणं-खाणं सगळं आमच्याकडे, तुम्ही फक्त रक्कम सांगितली की सोडायची" असं सुरू केलं. दादा म्हणाला की अहो माझी बहीणच तयार आहे, तर त्याचा आवाजच पडला, म्हणे मग बघतो, कळवतो. कळवलं नाही अर्थातच. असा फोन तुम्हाला आला तर लगेच ठेवून द्या, कारण २०२१ च्या सरोगसी कायद्याने, जानेवारी २०२२ पासून लागू आहे तो, पैसे देऊन सरोगसी करणं देशात पूर्ण बंद आहे. बाई शोधून देणारा, जाहिरात करणारा, क्लिनिक, यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, आणि मूल हवं म्हणून पैसे देणाऱ्या जोडप्यालासुद्धा पहिल्या वेळी पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत आहे. म्हणजे तो एजंट पळून जाणार आणि अडकणार आपण.

आता काउन्सेलिंग. ही एकच गोष्ट या सेंटरची खरंच वसूल आहे. मॅडम पन्नाशीच्या असतील, आवाज एकदम हळू, फोन उलटा ठेवून बसतात. आम्ही चौघं होतो, दादा-वहिनी, मी आणि माझा नवरा. त्यांनी काहीच न समजावता आधी आम्हालाच विचारलं, सरोगसी म्हणजे नक्की काय होणार आहे असं तुम्हाला वाटतं ते एकेकाने सांगा. आणि मजा बघा, चौघांची चार उत्तरं. दादा म्हणाला टेस्ट ट्यूब बेबीच ना, फक्त हिच्या पोटात. नवरा म्हणाला की हिचं बीज वापरणार बहुतेक, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. हा माणूस इतके महिने मला हो-हो म्हणत होता आणि मनात हे घेऊन फिरत होता! वहिनी काहीच बोलली नाही. मी माझं नेटवर वाचलेलं पाठांतर म्हणून दाखवलं.

नवऱ्याचं जे झालं तेच आमच्या आत्याचं झालं होतं. तिला कळल्यावर ती देवघरातून उठून आली आणि म्हणाली, "अगं भावाचं मूल बहिणीच्या पोटात? काय बोलतेस तू हे?" तिच्या डोक्यात जे चित्र होतं ते बघता तिचं चुकलं असं पण म्हणता येत नाही, कारण सरोगसी म्हणून खरंच दोन वेगवेगळे प्रकार आहेत. एकात सरोगेटचं स्वतःचं स्त्रीबीज वापरतात, म्हणजे ती त्या बाळाची जनुकांनी पण आई असते. अमेरिकेत १९८६ ला जन्मलेल्या बेबी एम वरून जी कोर्टात मारामारी झाली ती याच प्रकारातली, त्या बाईने नंतर बाळ द्यायलाच नकार दिला होता. दुसऱ्या प्रकारात गर्भ बाहेर लॅबमध्ये तयार होतो, आईचं बीज, बापाचे शुक्राणू, आणि सरोगेटच्या पिशवीत फक्त ठेवतात. आपल्याकडे कायद्याने फक्त हा दुसराच चालतो, सरोगेटने स्वतःचं बीज देणं बंद आहे.

मॅडमनी हे सांगायला कुठलंही थ्रीडी मॉडेल काढलं नाही. वहिनीच्या सोनोग्राफीचं पाकीट पालथं केलं, त्यावर बॉलपेनने उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं : बीज कोणाचं, शुक्राणू कोणाचे, पोट कोणाचं, कागदावर आई कोण. मग खाली एकेक ओळ. साधं आयव्हीएफ, म्हणजे आपलं नेहमीचं टेस्ट ट्यूब, चारही खाने त्याच जोडप्याचे. डोनर एग, पहिला खाना दुसऱ्या बाईचा पण पोट आपलंच, बरेच लोक यालाच सरोगसी म्हणतात, ती सरोगसी नाही. दत्तक, त्यात पहिले तिन्ही खाने बाहेरचे आणि चौथा आपला. आणि सरोगसी, ज्यात तिसऱ्या खान्यात माझं नाव लिहिलं. पहिल्या खान्यात वहिनीचं. वहिनीने ते पाकीट स्वतःकडे ओढून घेतलं आणि चौथ्या खान्यात तिचं नाव लिहिल्याची शाई हाताला लागेपर्यंत त्यावर बोट ठेवून बसली. मग मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आधी पण आत्याच होणार होतात ना? नंतर पण आत्याच." माझ्या नवऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की मला हसूच आलं. ते पाकीट मी फोटो काढून आत्याला पाठवलं. तिचा रिप्लाय आला, "बरं." आमच्या आत्याकडून बरं येणं म्हणजे खूप झालं.

टेस्ट ट्यूब बेबीवरून आठवलं. मुंबईला केईएममध्ये ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने जे बाळ जन्माला आणलं तेव्हापासून आपल्याकडे त्या लाइनीतल्या प्रत्येक गोष्टीला टेस्ट ट्यूबच म्हणतात, माझी आई अजून तेच म्हणते. आणि सरोगसी म्हटलं की लगेच भाड्याची आई. त्यालाही कारण आहे, गुजरातच्या आणंदमध्ये कितीतरी वर्षं परदेशी जोडप्यांसाठी हे सगळं राजरोस पैसे घेऊन चालायचं, २०१५ मध्ये परदेशी लोकांसाठी बंद केलं. त्यातलीच २००८ ची बेबी मांजीची केस मॅडमनी सांगितली. जपानी जोडपं, मूल जन्माला यायच्या आधीच घटस्फोट, बाई म्हणाली मला नको, सरोगेटचा तर काही संबंधच उरला नव्हता, बाळ इथे अडकलं आणि शेवटी आजी जपानहून येऊन बसली, प्रकरण सुप्रीम कोर्टात. म्हणून आता गर्भ ठेवायच्या आधीच मॅजिस्ट्रेटकडून ऑर्डर घ्यायची असते की होणारं बाळ कोणाचं आणि ताबा कोणाकडे. अर्ज जोडपं आणि सरोगेट दोघांनी मिळून करायचा. जन्मानंतर तीच ऑर्डर जन्माच्या दाखल्यासाठी चालते. आधी मला हा कोर्टाचा भाग फार अंगावर आला होता, मी कशाला मॅजिस्ट्रेटसमोर जाऊ असं वाटलं, पण ही केस ऐकल्यावर पटलं.

मग त्यांनी मला एकटीला बसवलं. दादा-वहिनी आणि नवरा बाहेर. हा भाग मी कुठल्याच सेंटरच्या वेबसाइटवर वाचला नव्हता आणि माझ्या मते तुम्ही जिथे जाल तिथे हे होतंय का ते आधी बघा. पहिलाच प्रश्न, "तुम्ही नाही म्हणालात तर घरात काय होईल?" मी म्हटलं काही नाही होणार, माझी माणसं चांगली आहेत. त्या म्हणाल्या माणसं चांगली असली की नाही म्हणणं जास्त अवघड जातं. मग स्पष्ट सांगितलं की गर्भ पिशवीत सोडायच्या क्षणापर्यंत मी माघार घेऊ शकते, कायद्यानेच, कारण द्यायची पण गरज नाही, आणि म्हणाल्या, "तसं वाटलं तर मला एक फोन करा, घरच्यांना काय आणि कसं सांगायचं ते मी बघते." एकदा गर्भ राहिल्यावर गर्भपाताचा प्रश्न आलाच तर माझ्या लेखी संमतीशिवाय आणि सरकारने नेमलेल्या अथॉरिटीच्या परवानगीशिवाय होत नाही, दादा-वहिनी ठरवू शकत नाहीत. बीपी, शुगर, सिझेरियन, डिप्रेशन, सगळं सांगितलं. "तुमची पहिली नॉर्मल होती म्हणून ही पण होईल असं धरून चालू नका." माझ्या मुलीला काय सांगणार आहात हे पण विचारलं, ती सात वर्षांची आहे, तिला पोट दिसणार, बाळ घरी येणार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पण दिलं नाही, फक्त म्हणाल्या पोट दिसायच्या आधी सांगा, नंतर नको.

पैशाचं. वहिनीला मला पाटल्या करायच्या होत्या, तिच्या आईच्या मोडून. मॅडमनी सरळ सांगितलं की या प्रेग्नन्सीशी जोडून काही द्यायचं-घ्यायचं नाही, दवाखान्याचा खर्च, नियमात बसणारा बाकीचा खर्च आणि विमा एवढंच चालतं. आमच्यात ठीक आहे, मी बहीण आहे. पण मला हे लिहायचंच आहे की डॉक्टर घेणार, लॅब घेणार, वकील घेणार, विमा कंपनी घेणार, ज्या बाईने नऊ महिने काढायचे तिनेच तेवढं पुण्य कमवायचं हे मला अजून पचलेलं नाही. आणंदमध्ये बायकांना कसं वापरलं ते वाचलंय मी, त्यामुळे बंदी का आली ते कळतं. तरीपण.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही.

रिसेप्शन. वेटिंगमध्ये सात-आठ जोडपी बसलेली आणि काउंटरवरची मुलगी तिथूनच ओरडते, "सरोगेट कोण आहे? सरोगेट या पुढे." सगळ्या माना माझ्याकडे. एका काकूंनी तर चष्मा वर करून बघितलं. मी काउंटरला जाऊन म्हटलं की मला नाव आहे, तर म्हणाली मॅडम सिस्टिममध्ये तसंच येतं. अहो मग सिस्टिम बदला ना. पुढच्या वेळी पण तेच. त्यानंतर मी दारातूनच हात वर करायला लागले, आता काय लाजायचं.

दुसरी आणि सगळ्यात मोठी तक्रार, संमतीचा फॉर्म इंग्लिशमध्ये. पानंच्या पानं. मी विचारलं मराठीत नाही का, तर "तुम्हाला इंग्लिश येतं ना?" येतं हो, मी बँकेत आहे, दिवसभर इंग्लिशच वाचते, पण एम्ब्रियो रिडक्शन (जास्त गर्भ राहिले तर त्यातले काही कमी करणं) काय असतं ते बँकेत शिकवत नाहीत. आणि माझ्या जागी एखादी न शिकलेली बाई असती तर? कायद्यात स्वच्छ लिहिलंय की सगळे दुष्परिणाम समजावून मग सरोगेटला समजेल त्या भाषेत लेखी संमती घ्यायची. हे मी काउंटरला म्हटल्यावर दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी काउन्सेलर मॅडमनीच कुठून तरी मराठी फॉर्म काढून दिला, भाषा अगदी सातबाऱ्यासारखी आहे पण निदान वाचून प्रश्न विचारता आले. तुम्ही जाल तेव्हा पहिल्या दिवशीच मागा, सहीच्या दिवशी मागितला तर तुम्हालाच नाटकी ठरवतात.

विमा. सरोगेटसाठी ३६ महिन्यांचा विमा काढणं सक्तीचं आहे, डिलिव्हरीनंतरचे कॉम्प्लिकेशन्स त्यात यायला पाहिजेत. सेंटरवाले म्हणतात आमचा माणूस करून देईल. तो माणूस फोनवर प्रीमियम सांगतो, पॉलिसीचा कागद पाठवा म्हटलं की नेटवर्क जातं त्याचं. दादाने शेवटी बाहेरून चौकशी सुरू केली. कागद हातात आल्याशिवाय मी इंजेक्शन घेणार नाही असं सांगून ठेवलंय.

आणि ब्रोशर. कव्हरवर निळ्या डोळ्यांचं गोरंपान बाळ आणि खाली यशाची टक्केवारी, ती कुठल्या वयाची, किती केसेसची, काही नाही. डॉक्टरांना विचारल्यावर ते स्वतःच म्हणाले ते मार्केटिंगवाल्यांचं आहे, लक्ष देऊ नका. डॉक्टर तसे बरे आहेत, घाईत असतात पण खोटं बोलत नाहीत. त्यांनी सांगितलं की एका वेळी एकच गर्भ ठेवायचा, अगदी खास परिस्थितीत जास्त, आणि एका सरोगेटवर तीनच प्रयत्न. तिन्ही फसले तर विषय संपला, आणि यशस्वी झालं तरी मी आयुष्यात परत सरोगेट होऊ शकत नाही. खरी माहिती मात्र इंजेक्शन रूममधल्या सिस्टरकडून मिळाली, प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकायला लागणाऱ्या हार्मोनची, तेलातली इंजेक्शनं कमरेत घ्यावी लागतात, गाठी येतात, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं आणि बाजू बदलत राहायची. हे डॉक्टर "थोडं डिसकम्फर्ट" म्हणून उरकतात.

कोणाला चालतं आणि कोणाला नाही याबद्दल वेटिंगमध्ये इतकी चुकीची माहिती फिरत असते की थोडं लिहूनच टाकते. लग्न झालेलं जोडपं असेल तर बाई २३ ते ५० आणि पुरुष २६ ते ५५, आधीचं मूल नको, मूल गंभीर आजारी किंवा दिव्यांग असेल तर वेगळं. बाई एकटी असेल तर विधवा किंवा घटस्फोटित, ३५ ते ४५ मध्ये. एकटा पुरुष नाही, लिव्ह-इन नाही, गे कपल नाही. तुषार कपूर आणि करण जोहरची उदाहरणं देणाऱ्यांनी लक्षात घ्या की ती २०१६-१७ ची, या कायद्याच्या आधीची. सरोगेट २५ ते ३५, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली. जवळची नातेवाईकच पाहिजे असं बरेच जण सांगतात, तसं आता नाही, तयार असलेली बाई चालते, पण पैसे न घेता कोण तयार होणार, त्यामुळे फिरून नात्यातच येतं. आमच्या बाजूला बसलेल्या एका ताईंना डोनर एग लागणार होतं, त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की सरोगसीत डोनर चालतच नाही. ते मार्च २०२३ मध्ये बंद केलं होतं खरं, पण फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला, जिल्हा मेडिकल बोर्डाने सर्टिफाय केलं तर दोघांपैकी एकाचं डोनरचं चालतं. दोघांचं नाही. एकट्या बाईला स्वतःचंच बीज लागतं. फिगर बिघडू नये म्हणून सरोगसी, हे तर बोर्डासमोर एक मिनिट टिकणार नाही, तिथे गर्भाशय नाही, बऱ्याच वेळा आयव्हीएफ फेल, वारंवार गर्भपात, जिवाला धोका असं काहीतरी कागदावर दाखवावं लागतं. वहिनीचे ऑपरेशनचे पेपर लॅमिनेट करून ठेवले होते आईने, ते त्यांना नको असतात, झेरॉक्स द्या.

रजेचं मॅडमनी आपणहून काढलं, त्याला वेगळा स्टार. वहिनी प्रायव्हेटमध्ये आहे, तिला मॅटर्निटीच्या कायद्याप्रमाणे बाळ हातात आल्याच्या दिवसापासून १२ आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर जून २०२४ पासून सरोगेटला आणि आईला दोघींना १८० दिवसांपर्यंत आहे, दोनपेक्षा कमी मुलं हवीत एवढंच. माझ्या एचआरला मी विचारलं तर ती म्हणाली, "म्हणजे बाळ तुमचं नाही, मग रजा कशाची?" मी म्हटलं बाळंतपण माझंच आहे ना बाई. बघून सांगते म्हणालीये.

जाणार असाल तर शनिवारी जाऊ नका, लिफ्टपर्यंत रांग असते. पार्किंग फक्त टू-व्हीलरचं. आत गेल्यावर सरोगसी क्लिनिकचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं आहे का बघा, लावलेलं पाहिजे. यांचं आहे, झेरॉक्स मशीनच्या मागे. काउन्सेलिंगची फी वेगळी लावतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढी तासभर बसणारी बाई त्या फीत परवडते. फक्त बिलावर काउन्सेलिंग असं लिहून घ्या, आमच्या बिलावर "इतर" असं आलं आणि ते बदलून घ्यायला दादाला परत वरच्या मजल्यावर पाठवलं.